आधी आज्जीला विचारा, मग स्कॅन करा: सातारा-सांगलीच्या घरांतले जुने फोटो आणि त्यांच्या आठवणी नीट गोळा करण्याची रीत

जुना कृष्णधवल फोटो नीट ठेवला तर शंभर वर्षं टिकतो. त्यातली माणसं ओळखणारी आज्जी तेवढी राहत नाही. म्हणून या कामाचा क्रम बहुतेक घरांत असतो त्याच्या उलटा लावायचा: आधी ऐकायचं, मग स्कॅन करायचं, मग ठेवण सुधारायची. बरीच मंडळी दिवाळीच्या सुट्टीत सगळे अल्बम स्कॅन करून पेनड्राइव्हवर टाकतात आणि काम झालं म्हणतात. काही वर्षांनी तो पेनड्राइव्ह उघडला की फायली स्वच्छ असतात, पण कोणत्या फायलीत कोण आहे ते सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

आठवण फोटोच्या कागदात नसते. फोटो बघताना ती माणसाच्या डोक्यात दरवेळी नव्याने जुळते, आणि जुळताना विचारणाऱ्याचे शब्द, शेजारी बसलेल्याचा होकार, स्क्रीनवर दिसणारा रंग हे सगळं तिच्यात मिसळतं. विचारण्यात चूक झाली तर चुकीची आठवण पक्की होते आणि पुढच्या पिढीच्या हाती तीच खरी म्हणून पडते. त्यामुळे या लेखात स्कॅनरपेक्षा विचारण्याला जास्त जागा दिली आहे.

क्रमाला अपवाद एकच. घरात पाणी शिरून फोटो भिजले असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि खाली पुराचा भाग आधी वाचा. तिथे तासांचा हिशेब असतो.

बसण्याआधी

फोटो फक्त अल्बममध्ये नसतात. ट्रंकेच्या तळाला, जमिनीच्या कागदांच्या गठ्ठ्यात, विम्याच्या फायलीत, देवघराशेजारच्या चौकटींच्या मागे (एका चौकटीत जुन्या फोटोवर नवा फोटो बसवलेला बऱ्याचदा सापडतो), लग्नपत्रिकांच्या पिशवीत, सगळीकडे बघा. सापडतील तसे एका ठिकाणी आणा, पण त्यांची सरमिसळ करू नका. हे सांगूनही सगळ्यात जास्त चूक इथेच होते. कुणीतरी उत्साहाने "लग्नाचे इकडे, जत्रेचे तिकडे" असे ढीग लावतं आणि पुरावा जातो. एका पाकिटातले फोटो बहुधा एकाच रोलचे असतात. आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात १२० च्या रोलवर १२ चौकोनी फोटो निघायचे, आणि घरात रोल जपून वापरला जायचा. त्यामुळे एका पाकिटातल्या एका फोटोचं साल कळलं की उरलेल्यांचंही साधारण कळतं. पाकिटावर स्टुडिओचं नाव आणि पावतीचा नंबर असेल तर तेही फोटोइतकंच मोलाचं.

म्हणून कशालाही हात लावण्याआधी प्रत्येक पाकीट, प्रत्येक अल्बमचं पान आणि प्रत्येक चौकट आहे तशी मोबाइलवर टिपा. मग नंबर द्या: अल्बम १, पान ४, फोटो २ असा. नंबर चिठ्ठीवर लिहून फोटोसोबत ठेवायचा, फोटोवर लिहायचा नाही. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. फोटो कडेला धरा, वरच्या थराला बोट लागू देऊ नका.

पहिल्या बैठकीसाठी आठ ते दहा फोटो पुरे. सगळ्यात जुने निवडावेसे वाटतात, तो मोह टाळा. माणसाला उतारवयात साधारण 10 ते 30 या वयातलं सगळ्यात जास्त आठवतं, हे स्मृतीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. आज्जीचा जन्म 1945 चा असेल तर 1955 ते 1975 मधले फोटो आधी काढा: शाळा, लग्न, पहिली मुलं, सासरचं घर. जीभ सैल झाली की त्याआधीच्या फोटोंकडे वळता येतं. निवडलेले फोटो साध्या ए-फोर कागदावर मोठे करून छापून घ्या. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना अडीच इंचांच्या फोटोतले चेहरे दिसत नाहीत, आणि न दिसणं लपवण्यासाठी म्हातारी माणसं "आठवत नाही" म्हणतात.

विचारायचं कसं

वेळ पाऊण तास. दुपारची झोप आणि चहा झाला की चारच्या सुमाराला बसा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका आणि घडी घातलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून दोन वितींवर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवला तर कपबशीचा आवाज बोलण्यापेक्षा मोठा येतो. टीव्ही बंद, पंखा सोसेल तेवढा कमी. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव आणि कोण कोण बसलंय ते बोला. फोटो हातात देताना दरवेळी त्याचा नंबर मोठ्याने म्हणा. हे विसरलं की दोन तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये "ही बघ, ही तिची जाऊ" एवढंच ऐकू येतं आणि "ही" म्हणजे कोण ते कधीच कळत नाही.

पहिला प्रश्न "हे कोण?" नको. तो परीक्षेसारखा असतो. एक नाव आठवलं नाही की माणूस खजील होतो आणि मिटतो. "आज्जी, काय चाललंय गं यात?" असं विचारा आणि गप्प बसा. मनात दहा मोजा. बहुतेक जण तीनपर्यंत थांबतात आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतात.

सगळ्यात घातक प्रश्न असा असतो: "ही सुमनआत्याच ना गं, विट्याच्या घरी?" यात नाव, नातं आणि गाव तिन्ही तुम्हीच पुरवलेत. आज्जी म्हणते, "व्हय, तीच असंल." आणि "असंल" मधली शंका लिहिताना गळून जाते. हा धोका किती खरा आहे ते 2002 मध्ये मानसशास्त्रज्ञ किम्बर्ली वेड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. वीस प्रौढांना त्यांचे लहानपणचे घरचे फोटो दाखवले, त्यात एक बनावट होता: लहानपणी गरम हवेच्या फुग्यातून फेरी मारल्याचा. ती फेरी कधीच झाली नव्हती. तीन बैठकींनंतर निम्म्या लोकांना ती थोडी किंवा पूर्ण "आठवू" लागली होती. ती माणसं खोटं बोलत नव्हती. फोटो समोर असला की मन त्याच्याभोवती गोष्ट विणतं, एवढंच.

एक फोटो घेऊन बघू. समजा, सहा बाय सहा सेंटीमीटरचा, पांढरी नागमोडी कड असलेला. वाड्याच्या दारात एक बाई, कडेवर मूल, शेजारी पितळी घागर, आणि खालच्या कडेला फोटो काढणाऱ्याची सावली. "कोण" हे शेवटी विचारा. आधी सावलीवर बोट ठेवा: फोटो कुणी काढला? कॅमेरा घरचा की मागून आणलेला? या प्रश्नाने फोटोत कधीच न दिसणारा माणूस सापडतो, बहुधा मुंबईहून सुट्टीवर आलेला दीर किंवा भाऊ, आणि त्याच्या सुट्टीवरून महिना निघतो. मग लुगडं: रंग कोणता होता, कुणी आणलं होतं? मग गळ्यातलं: हे तुझं का? फोटोपुरते दागिने जावेकडून मागून घालण्याची पद्धत होती आणि त्यातून घरातली नाती जेवढी कळतात तेवढी सरळ विचारून कळत नाहीत. मग दाराच्या आत, जिथे काळोख आहे, तिथे कोण होतं? मग, कोण असायला हवं होतं आणि नाही? एकत्र कुटुंबाच्या ग्रुप फोटोत सुना बऱ्याचदा नसतात कारण त्या चुलीपाशी होत्या. गडी तर नसतोच, किंवा असतो आणि त्याचं नाव कुणी लिहिलेलं नसतं. त्याचं नाव मुद्दाम विचारा.

दोन वडीलधाऱ्यांना एकत्र बसवायचं असेल तर आधी वेगवेगळं विचारून घ्या. एकत्र बसले की थोरले तात्या जे म्हणतात त्यावर सगळ्यांचं एकमत होतं, आणि धाकट्या आत्याला जे वेगळं आठवत होतं ते त्या क्षणापासून तिलाही आठवेनासं होतं. वेगवेगळ्या नोंदी झाल्यावर मात्र एकत्र बसणं फार फलदायी ठरतं. तेव्हा वाद होऊ द्या, मिटवू नका.

विसराळूपणाचा आजार असलेल्या माणसाला "ओळखलंस का?" असं कधीही विचारू नका. फोटो हातात द्या, तुम्हाला दिसतंय ते सांगा ("केवढी मोठी घागर आहे ही!") आणि त्यांनी जे धरलं त्याच्या मागे जा. चुकीचं बोलले तर दुरुस्त करू नका. अशा बैठकीतून नावं मिळवायचा हट्ट नको. त्या माणसाचा तास बरा गेला हीच कमाई मानायची.

शेवटची दहा मिनिटं फोटो बाजूला ठेवा आणि विचारा: ज्याचा फोटो नाही असं काय आहे? ज्या प्रसंगांचे फोटो आहेत तेच घरात बोलले जातात, आणि बिनफोटोचे मागे पडत जातात. 1972 च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जतच्या कितीतरी बाया-माणसांनी खडी फोडली. त्याचा फोटो कुणाच्या अल्बममध्ये सापडायचा? 30 जानेवारी 1948 च्या गांधीहत्येनंतर झालेल्या जाळपोळीत या भागातल्या अनेक ब्राह्मण कुटुंबांची घरं जळाली, त्यांत फोटोही गेले. अशा घरात 1948 आधीचा एखादा फोटो असेल तर तो कोणत्या पाहुण्याकडून परत आला ते विचारा. तीही त्या फोटोचीच गोष्ट आहे.

लिहिताना

प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: पक्कं, वाटतं, ऐकीव. आणि कुणी सांगितलं, कोणत्या तारखेला. "डावीकडून तिसऱ्या: काशीबाई (वाटतं, आत्या, 14 मे)". ही सवय लागली की पुढे विरोधी माहिती आली तरी गोंधळ होत नाही.

डावी-उजवी नेहमी बघणाऱ्याच्या बाजूने धरा आणि तसं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मोठ्या ग्रुप फोटोवर बटर पेपर ठेवून डोक्यांचे नुसते गोल काढा आणि गोलांत नंबर घाला. खालचा फोटो मूळ नको, छापील प्रत घ्या; मुळावर पेन्सिलचा दाब उमटतो.

बायकांच्या नावांचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. लग्नात नाव बदलायची पद्धत होती, त्यामुळे माहेरचे म्हणतात चंपा आणि सासरचे म्हणतात लक्ष्मी, आणि एकाच बाईच्या दोन बायका होतात. दोन्ही नावं, माहेरचं आडनाव आणि माहेरचं गाव, चारही लिहा. आक्का, माई, जिजी, आबा, अण्णा यांतून काहीच ठरत नाही. प्रत्येक घरात एक आक्का असते. "काकी" लिहिलं तर कुणाची काकी तेही लिहा. तुमची काकी ही तुमच्या मुलाची चुलत आज्जी असते, आणि वही पुढे तोच वाचणार आहे. दत्तक गेलेल्या मुलाची दोन्ही घरं नोंदवा.

साल काढायचं

"कोणत्या सालातला?" या प्रश्नाला क्वचितच खरं उत्तर येतं. आधी की नंतर, असं विचारा. पाटण, कराडकडच्या माणसांना 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आठवतो: "हे घर भूकंपाआधीचं का गं?" पूर्वेकडे 1972 चा दुष्काळ हा तसाच खुंटा. त्याहून उपयोगी खूण म्हणजे मांडीवरचं मूल. मुलाची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर मिळते, आणि बसणारं मूल, उभं राहणारं मूल, दात पडलेलं मूल यावरून सहा महिने ते वर्षभराच्या आत साल येतं.

मग फोटोची पाठ बघा. स्टुडिओच्या शिक्क्यावर संस्थानाचं नाव असेल (सांगली, मिरज, औंध, जत, फलटण) तर शिक्का 1948 च्या विलीनीकरणाआधी बनलेला. "दक्षिण सातारा" किंवा "द. सातारा" दिसलं तर हाताला सोनं लागलं: हा जिल्हा 1949 मध्ये झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं, म्हणजे अकरा वर्षांची चौकट आपोआप मिळाली. जुने शिक्के पुढेही काही वर्षं वापरले जातात, एवढी सूट ठेवा. किंमत आण्यांत असेल तर बहुधा 1957 आधीची, कारण त्या वर्षीच्या 1 एप्रिलला नवे पैसे आले. पत्त्यात पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचा. पण 415 ने सुरू होणारा पिन म्हणजे सातारा जिल्हाच असं धरू नका. विटा आणि शिराळा सांगली जिल्ह्यात असूनही 415 मध्येच येतात.

फोटोच्या आत: भिंतीवर कालनिर्णय असेल तर 1973 किंवा नंतरचा, आणि 600 डीपीआयला (इंचामागे 600 ठिपके) स्कॅन केलं तर कधीकधी महिनाही वाचता येतो. मोटारीच्या पाटीवर एमएच १० किंवा एमएच ११ असेल तर 1989 नंतरचा. घरात फौजी असेल, आणि साताऱ्याकडे तो असतोच (पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावाचे 46 जवान पडले), तर गणवेशाच्या खांद्यावरचं आणि टोपीवरचं चिन्ह मोठं करून बघा. राजमुकुट असेल तर प्रजासत्ताकाच्या आधीचा. 1950 पासून मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

कपड्यांवरून साल ठरवताना जपून. तरुणांचे कपडे काळ सांगतात, म्हाताऱ्यांचे सांगत नाहीत. आज्जी 1985 मध्येही नऊवारीतच होती. नव्वदच्या दशकातल्या रंगीत फोटोंच्या कोपऱ्यात तांबडी तारीख छापलेली असते, तिच्यावरही आंधळा विश्वास नको. बॅटरी बदलल्यावर तारीख पुन्हा लावायची राहून जायची. आणि काही फोटो उलटे छापलेले असतात: शर्टाचा खिसा घालणाऱ्याच्या उजवीकडे दिसला किंवा दुकानाची पाटी उलटी वाचावी लागली तर निगेटिव्ह पालथी पडली होती. असा फोटो सुलटा करून दाखवला की न ओळखलेलं घर एकदम ओळखू येतं.

स्कॅन

फ्लॅटबेड स्कॅनर घ्या किंवा गावातल्या स्टुडिओत करून घ्या, पण पुढे बसून. चार बाय सहा इंचांच्या आणि त्याहून मोठ्या फोटोला 600 डीपीआय, छोट्या चौकोनी फोटोला 1200, निगेटिव्हला 2400 ते 3200. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्येच स्कॅन करा. पिवळेपणा, शाईची खूण, हाताने भरलेले गालाचे रंग हीसुद्धा माहिती आहे. धूळ काढणं, धार वाढवणं, रंग सुधारणं ही सगळी आपोआप चालणारी बटणं बंद ठेवा. मूळ फाइल टिफ (काहीही न गाळणारा प्रकार) ठेवा, पाठवण्यासाठी जेपेग (दाबून लहान केलेली) वेगळी काढा. चार बाय सहाचा एक फोटो 600 डीपीआयला टिफमध्ये साधारण 26 एमबी होतो, म्हणजे 500 फोटोंना 13 जीबी. आजच्या हिशेबात हे काहीच नाही. पाठीमागे काहीही लिहिलं असेल तर पाठही स्कॅन करा.

फाइलचं नाव साल-महिना-दिवस, मग गाव, मग अल्बममधला नंबर. माहीत नसलेल्या जागी शून्य: १९५८-०५-००_कराड_अ१-४-२. पाठीला शेवटी "पाठ" जोडा. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मोबाइलने टिपायचं असेल तर सकाळी उत्तरेच्या खिडकीशी, फ्लॅश न लावता, फोन फोटोला बरोबर समांतर धरून. चौकटीच्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब येत असेल तर काळ्या कापडाला भोक पाडून लेन्स त्यातून काढा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, चेहरा काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा आणि काचेसकटच ठेवा.

प्रती तीन: एक संगणकात, एक हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावात. सांगलीत, हरिपूरला किंवा भिलवडीला राहणाऱ्यांनी ही तिसरी प्रत पुण्याच्या किंवा विट्याच्या पाहुण्यांकडे ठेवावी. नदीकाठच्याच दुसऱ्या घरी ठेवून उपयोग नाही. दरवर्षी पाडव्याला तिन्ही उघडून बघा.

ठेवण

चिकट पानांचे, वर पारदर्शक कागद असलेले अल्बम ऐंशी-नव्वदच्या दशकांत प्रत्येक लग्नात आले आणि त्यांनी फार नुकसान केलं. गोंद पिवळा पडतो, वरचं प्लास्टिक फोटोला खातं. अशा अल्बममधून फोटो काढायचे असतील तर आधी पान आहे तसं स्कॅन करा. मग दात साफ करायचा मेण नसलेला धागा फोटोच्या कोपऱ्यामागे सरकवून करवतीसारखा हळू ओढत न्या. अडला तर सोडून द्या. सुरी घालू नका, गरम हवा मारू नका.

नवीन पाकिटं आम्लविरहित कागदाची किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. रेनकोटसारखा वास येणारं प्लास्टिक पीव्हीसी असतं, ते नको. सेलोटेप, स्टेपलर, रबरबँड काहीच नको. पाठीवर लिहायचं तर जुन्या जाड कागदी फोटोवर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. प्लास्टिकसारख्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उठत नाही. तिथे पाकिटावर लिहा आणि मगच फोटो आत घाला. बॉलपेनचा ठसा पुढच्या बाजूला चेहऱ्यावर येतो आणि जात नाही.

पश्चिमेकडे, महाबळेश्वर, जावळी, पाटणला, खरा शत्रू ओल. पावसाळ्यात फोटो घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा बाहेरच्या भिंतीपासून लांबच्या कपाटात मधल्या फळीवर. रंग बदललेल्या पुड्या मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरता येतात. जत-आटपाडीकडे ओल कमी, पण पत्र्याखालच्या माळ्यावरची उन्हाळ्याची उष्णता रंगीत फोटो मारते. सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो ट्रंकेत बंद राहूनही तांबडे होतात, कारण त्यांतला निळसर रंग अंधारातही विरतो; तो दोष तुमच्या ठेवणीचा नाही, पण गारव्यात तो सावकाश होतो. ओला कडुलिंबाचा पाला घालू नका, त्यासोबत ओल जाते. डांबरगोळ्या फोटोंच्या डब्यात नकोत. कसर लागू नये म्हणून डबा कोरडा आणि स्वच्छ असणं पुरतं.

बुरशी दिसली तर फडकं फिरवू नका. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो, ओलीने मऊ झालेला. पुसलं की चेहराच पुसला जातो. आधी सावलीत, हवेत पूर्ण वाळू द्या, मग घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने झाडा. कृष्णधवल फोटोच्या काळ्या भागावर आरशासारखी निळसर चकाकी आली असेल तर ती वर आलेली चांदी आहे. तिला तसंच राहू द्या.

पुराचं पाणी लागलं तर

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फुटांची. तेव्हा कपाटाच्या वरच्या फळीवरचे अल्बमही भिजले. भिजलेला फोटो वाचतो, पण भिजून गठ्ठ्यातच वाळलेला वाचत नाही. थर एकमेकांना कायमचे चिकटतात. म्हणून पहिला नियम: उन्हात टाकू नका आणि आपोआप वाळूही देऊ नका.

पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी असतं, तेव्हा हातमोजे आणि मास्क घाला. पाठीवर शाईने लिहिलेलं असेल तर धुण्याआधी ते मोबाइलवर टिपा. परातीत स्वच्छ गार पाणी घ्या, अल्बमचं पान सुटं करून त्यात ठेवा, फोटो आपसूक सुटू द्या. बोट वरच्या थराला लावायचं नाही. पाणी हळू हलवून चिखल काढायचा आणि पाणी तीन-चारदा बदलायचं. रंगीत फोटो आधी घ्या, कृष्णधवल जास्त दम धरतात. घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापलेले फोटो मात्र पाण्यात घालू नका, शाई वाहून जाते. ते तसेच वाळवा. धुतलेले फोटो टीपकागदावर किंवा स्वच्छ सुती कापडावर, चेहरा वर करून, पंख्याच्या सरळ झोताबाहेर पसरा. वर्तमानपत्रावर नको, छपाईची शाई उतरते. दोरीवर प्लास्टिकच्या चिमट्यांनी कडेला पकडून टांगले तरी चालतात. वाळून वळलेले फोटो नंतर जड पुस्तकाखाली दाबता येतात.

दोन दिवसांत सगळे धुऊन होणार नसतील तर बटर पेपर मध्ये घालत त्यांच्या छोट्या चळती करा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि पाहुण्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेला फोटो महिनाभरही थांबतो. नंतर थोडे थोडे काढून हेच काम करायचं.

आणि त्या आठवड्यातच, फोटो वाळत असताना, घरातल्या मोठ्यांना दोरीपाशी आणा. जे फोटो गेले त्यांत काय होतं ते तेव्हाच सांगता येतं. गेलेल्या फोटोंचीही यादी करा.

मोबाइलने भरलेले रंग

आता कोणताही कृष्णधवल फोटो अॅपमध्ये टाकला की रंगीत होऊन येतो, धूसर चेहरे स्पष्ट होतात. ते रंग अंदाजाचे असतात आणि ते डोळे-नाक दुसऱ्याच हजारो चेहऱ्यांवरून घेतलेलं असतं. आज्जीचं लुगडं हिरवं होतं आणि अॅपने निळं केलं, तर दोन-चारदा बघितल्यावर तिलाही निळंच आठवू लागेल. फुग्याच्या फेरीसारखंच. म्हणून रंगीत करण्याआधी मूळ फोटोवरची बैठक पूर्ण करा, लुगड्याचा रंग विचारून नोंदवा, आणि रंगीत प्रतीच्या फाइलच्या नावातच "रंग भरलेला" असं लिहा. चौकटीत लावायला, हार घालायला मूळच छापा.

आज काढत असलेल्या फोटोंसाठी

मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संग्रहालयातल्या वस्तूंचे नुसते फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू बघणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या. एका भागावर जवळ जाऊन, निरखून फोटो काढला तेव्हा मात्र आठवण तशी घटली नाही. लग्नात, बारशात हेच करा: शंभर फोटो काढण्याऐवजी आधी थांबून बघा आणि मग हात, ताट, दारातल्या चपला असं जवळचं काहीतरी टिपा. वर्षाअखेरीस त्या वर्षातले 50 फोटो निवडा, लॅबमधून कागदावर छापून घ्या आणि त्याच आठवड्यात नावं लिहा. आज सगळ्यांना माहीत असलेलं नाव वीस वर्षांनी कुणालाच माहीत नसतं.

ग्रुपवर फोटो टाकण्याआधी ज्यांचे आहेत त्यांना विचारा. पहिलं लग्न, गेलेलं मूल, कापून काढलेला माणूस, यांचे फोटो घरात असतात आणि त्यांची वेदनाही अजून जिवंत असते. कापलेला फोटो कापलेलाच स्कॅन करा आणि कुणी कापला ते कुणी सांगितलं तरच लिहा.

कितीही केलं तरी काही चेहरे उरतातच. त्यांचं वेगळं पाकीट करा, वर "अनोळखी" लिहा आणि फेकू नका. त्यांच्या छापील प्रती मोठ्या करून पुढच्या लग्नात किंवा गावच्या जत्रेत, जेवणं झाल्यावर, मांडवाच्या कडेला एका टेबलावर मांडा. शेजारी पेन्सिल आणि चिठ्ठ्या ठेवा. नाव सांगणाऱ्याचं नाव आणि त्याचा फोन नंबरही त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या.